‘का मारलं?’ हा प्रश्न राहिला : खैरलांजीच्या निकालाचे पडसाद

१५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने खैरलांजी हत्याकांडातल्या अकरा आरोपींपैकी आठ जणांना खुनासाठी दोषी ठरवलं आणि तिघांना सोडलं. नऊ दिवसांनी, २४ सप्टेंबरला, शिक्षा जाहीर झाली. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. आपल्याकडे खेड्यातल्या बौद्ध कुटुंबाचा खून होतो तेव्हा खटला उभा राहणं, तो दोन वर्षांत निकाली निघणं आणि एवढी कठोर शिक्षा होणं हे तिन्ही एकत्र फार क्वचित घडतं. म्हणजे ज्यांच्या बाजूने निकाल लागला त्यांनी समाधान मानायला हरकत नव्हती. तरीही भंडाऱ्यापासून नागपूर-अमरावतीपर्यंतच्या वस्त्यांमध्ये त्या आठवड्यात एकाच माणसाच्या तोंडून दोन वाक्यं ऐकू येत होती. ‘आठ जण दोषी ठरले, बरं झालं’ हे पहिलं. दुसरं ‘पण’ने सुरू होत होतं.

हे लिखाण त्या ‘पण’बद्दल आहे. न्यायालयाने अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची, म्हणजे लोकांच्या भाषेत अ‍ॅट्रॉसिटीची, कलमं लागू होत नाहीत असं म्हटलं. बाईमाणसांच्या विनयभंगाचा आरोपही सिद्ध झाला नाही. चार माणसं मारली गेली आणि कोणी मारली हे ठरलं. का मारली, याचं उत्तर मात्र निकालाने असं दिलं की ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांना ते ओळखीचं वाटेना.

काय घडलं होतं

खैरलांजी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं लहानसं गाव, आंधळगाव पोलीस ठाण्याच्या हद्दीतलं. आजूबाजूला धानाच्या बांध्या, पाण्यासाठी नहर. गावात वजन शेतकरी ओबीसी जातींचं, बौद्धांची घरं बोटावर मोजण्याइतकी. त्यांतलं एक भैयालाल भोतमांगे यांचं. घरी पत्नी सुरेखा, दोन तरुण मुलं आणि बारावीत शिकणारी मुलगी. मुलीचं नाव मी लिहीत नाही. ते तेव्हा सगळीकडे छापलं गेलं, म्हणून आजही छापलंच पाहिजे असं नाही.

कुटुंबाकडे पाचेक एकर शेती होती. शेतातून रस्ता हवा म्हणून गावातल्या इतरांशी जुना वाद होता. धुऱ्याचं म्हणजे शेताच्या बांधाचं, पांदणीच्या वाटेचं भांडण विदर्भातल्या कुठल्या गावात नाही? पण सुरेखाबाई वाद सोडून देणाऱ्यांतल्या नव्हत्या. नवरा शांत, कारभार तिच्या हातात. पोरं शिकत होती, मुलगी सायकलवर शाळेत जायची. पक्कं घर बांधायला मात्र गावाने त्यांना होऊ दिलं नव्हतं, कुटुंब झोपडीवजा कच्च्या घरातच राहत होतं. या प्रकरणाचा विचार करताना माझं मन दर वेळी या घरापाशी अडकतं. खुनाच्या कित्येक वर्षं आधीपासून गाव या कुटुंबाला रोज काहीतरी सांगत होतं, ते सगळं त्या कुडाच्या भिंतीत दिसतं.

शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील हे या कुटुंबाचे नातेवाईक आणि आधार होते. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला त्यांना मारहाण झाली. मारणाऱ्यांना सुरेखाबाई आणि त्यांच्या मुलीने ओळखलं, आणि तसा जबाब दिला. त्यावरून अटका झाल्या. २९ सप्टेंबरला ते लोक जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी भोतमांगेंच्या घरावर जमाव चालून गेला. सुरेखाबाई, मुलगी आणि दोन्ही मुलगे मारले गेले. प्रेतं नहरात टाकली. भैयालाल बाहेर होते, लपून राहिल्यामुळे वाचले. त्यांनी जे पाहिलं ते त्यांना पुढे दहा वर्षं परत परत सांगावं लागलं.

निकालाआधीची दोन वर्षं

निकालावरचा राग समजून घ्यायचा तर त्याआधीच्या दोन वर्षांचा राग पाहावा लागतो. तो न्यायालयात तयार झालेला नव्हता.

२ ऑक्टोबर २००६ ला विजयादशमी होती. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या धम्मदीक्षेला त्या दिवशी पन्नास वर्षं पूर्ण होत होती. दीक्षाभूमीवर लाखो माणसं येत होती, त्यांत भंडारा जिल्ह्यातून निघालेलीही असंख्य होती. आणि तीनच दिवसांपूर्वी, त्याच जिल्ह्यात, एक बौद्ध घर संपवलं गेलं होतं. त्या गर्दीतल्या बहुतेकांच्या कानावर हे आलंच नव्हतं. सुरुवातीला ज्या थोड्या बातम्या आल्या, त्यांत अनैतिक संबंधांवरून चिडलेल्या गावकऱ्यांनी कुटुंबाला संपवल्याचा सूर होता. जी बाई मेली होती तिच्याच चारित्र्यावर बोट, आणि तेही ज्या नातेवाईकाच्या बाजूने ती उभी राहिली त्याचं नाव जोडून. ज्यांनी त्या बातम्या वाचल्या त्यांच्या मनातून ते बोट कधी गेलं नाही. दोन वर्षांनंतरही चहाच्या टपरीवर कोणीतरी आवाज खाली करून तेच म्हणायचं.

पुढे पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आले, पुरलेली प्रेतं पुन्हा बाहेर काढावी लागली, काही पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले. एवढ्यात महत्त्वाचा काळ निघून गेला होता. वैद्यकीय पुराव्यातल्या ज्या गोष्टी पहिल्या दोन दिवसांत नोंदवायच्या असतात, त्या आठवड्याभराने पाण्यात भिजलेल्या आणि मातीत पुरलेल्या देहांवरून परत मिळत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर आले. नागपूर, अमरावती, यवतमाळ पेटलं. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. या आंदोलनांमागे नक्षलवादी असल्याचं तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुचवलं. महिन्याच्या अखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि दोन्ही गोष्टींचा राग एकत्र होऊन उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. डबे जळाले तेव्हा मुंबई-पुण्याने खैरलांजीचं नाव नीट ऐकलं. हे मला तेव्हाही लागलं होतं, आजही लागतं. चार माणसांच्या मरणाला जे जमलं नाही ते रेल्वेच्या डब्यांना जमलं.

तपास सीबीआयकडे गेला. सुरुवातीला स्थानिक पोलिसांनी चाळीसहून अधिक जणांना पकडलं होतं. डिसेंबर २००६ च्या शेवटी आलेल्या आरोपपत्रात अकरा नावं उरली. बाकीचे सुटले. गाव मोठं नाही, त्या संध्याकाळी जमाव होता हे सगळ्यांना माहीत, आणि आरोपी अकरा. लोकांनी तिथेच बोटं मोजायला सुरुवात केली. सरकारतर्फे खटला उज्ज्वल निकम यांनी चालवला. ते आले म्हणजे शिक्षा होणारच, असा एक विश्वास जनमानसात होता. पण खटल्याला बळ देणारा वकील पुराव्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

निकालाचं गणित

ज्या कलमावरून सगळं अडलं ते तेव्हा कसं होतं हे नीट पाहिलं पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या कलम ३(२)(५) नुसार दहा वर्षं किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध ‘ती व्यक्ती त्या जातीची आहे या कारणावरून’ केला, तर जन्मठेप. कळीचे शब्द ‘या कारणावरून’ हेच. खून झाला, मरणारा बौद्ध होता, मारणारे दुसऱ्या जातीचे होते, एवढं सिद्ध होऊन भागत नव्हतं. जात हेच कारण होतं हे सिद्ध करावं लागे.

न्यायालयापुढे एक सरळ कारण आधीच उभं होतं. पोलीस पाटलांच्या मारहाणीत या मायलेकींनी जबाब दिला, त्या जबाबामुळे आरोपी तुरुंगात गेले, सुटल्याबरोबर त्यांनी सूड घेतला. सूड हे कारण ठरलं, त्यामुळे जात हे कारण उरलं नाही. कायद्याच्या चौकटीत हा तर्क बसतो, आणि फौजदारी न्यायाधीशाला अंदाजावर कुणाला दोषी ठरवता येत नाही हेही मान्य केलं पाहिजे. न्यायाधीशाने शिक्षेत हात आखडता घेतला, असं तर कुणीच म्हणू शकणार नाही. सहा जणांना फाशी सुनावणं साधी गोष्ट नाही.

तरी माझं मत त्या ‘पण’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचं आहे. सूड आणि जात या दोन वेगळ्या पेट्या करून, एकीत वस्तू सापडली म्हणून दुसरी रिकामी आहे असं ठरवता येत नाही. समजा, हाच जबाब गावातल्या वजनदार घरच्या बाईने दिला असता. मारहाण करणाऱ्यांनी जामिनावर सुटून त्याच संध्याकाळी सगळ्या घराला संपवायला जमाव गोळा केला असता? भांडण झालं असतं, पिढीजात वैर झालं असतं, कोर्टकचेरी झाली असती. पण चारही माणसं मारून नहरात टाकण्याची हिंमत, आणि गाव आपल्याला धरून राहील याची खात्री, ही कुठून आली? जी माणसं पक्कं घर बांधू शकत नाहीत, त्यांनी साक्ष द्यायची हिंमत केली, याचा राग साक्षीपेक्षा जुना होता.

वस्तीतला माणूस हे कलमाच्या भाषेत बोलत नव्हता. तो म्हणत होता, ‘आमची जात होती म्हणूनच तर मारलं ना.’ गावाकडून उत्तर यायचं, ‘कायची जात न् कायचं काय, धुऱ्याचं भांडण होतं ते.’ आणि निकालानंतर या दुसऱ्या वाक्याला न्यायालयाचा आधार मिळाला. जे गाव दोन वर्षं मान खाली घालून होतं, त्याला आता म्हणता येऊ लागलं की बघा, कोर्टानेच सांगितलं, जातीचा प्रश्न नव्हता. दोषी ठरलेल्या आपल्या माणसांनीच हे केलं, हे गावाने स्वीकारलं नाहीच. त्यांच्या घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती निर्दोष होती, फसवली गेली होती. म्हणजे निकालातला अर्धा भाग गावाने नाकारला आणि उरलेला अर्धा ढाल म्हणून धरला.

फाशीने झाकलेली गोष्ट

२४ तारखेला शिक्षा जाहीर झाली आणि चर्चेचा रोखच बदलला. दोषसिद्धीनंतर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी घ्यावी लागते म्हणून मध्ये दिवस जातात. त्या दिवसांत सगळीकडे एकच प्रश्न होता, फाशी की जन्मठेप. सहा फाशा आल्या. वर्तमानपत्रांत सहा हा आकडा मोठा, बाकी सगळं लहान. आंबेडकरी संघटनांच्या प्रतिक्रियाही दुभंगलेल्या होत्या. कुणी शिक्षेचं स्वागत करून अ‍ॅट्रॉसिटीसाठी उच्च न्यायालयात जाण्याची मागणी केली. कुणी म्हटलं, तिघं सुटलेच कसे. आणि फाशीच्या शिक्षेलाच तत्त्वतः विरोध असणारे काही जण होते, त्यांची तर फारच कुचंबणा झाली. या प्रकरणात फाशी नको म्हणणं म्हणजे भैयालालांच्या तोंडावर काहीतरी भलतंच बोलणं होतं.

मला वाटतं, इथेच लोकांची एक गफलत झाली, आणि तिचा दोष लोकांना देववत नाही. जातीचं नाव निकालात यावं म्हणून चाललेली मागणी, शिक्षा किती कडक या मागणीत मिसळून गेली. सहा फाशा आल्यावर ‘आता आणखी काय हवं?’ असं विचारणारे निघाले. कितीही कडक शिक्षेने ‘का’ या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ही गोष्ट दोन वर्षांनी उघडी पडली.

ज्यांच्यावर कुणी बोललं नाही

निकालाच्या बातम्यांमध्ये दोषींचे नातेवाईक होते, भैयालाल होते, वकील होते, पुढारी होते. साक्षीदार नव्हते.

हा खटला आठ जणांना दोषी ठरवण्यापर्यंत गेला तो गावातल्याच काही लोकांनी जे पाहिलं ते न्यायालयात सांगितलं म्हणून. काही फितूर झाले, काही गप्प राहिले, पण काहींनी सांगितलं. सुरेखाबाई मेल्या त्या पोलीस पाटलांच्या मारहाणीत स्वतः दिलेल्या साक्षीमुळेच. त्यांचं काय झालं हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांनी, त्याच गावात राहून, त्याच मारणाऱ्यांच्या घरांसमोरून रोज जाऊन-येऊन, साक्ष दिली. आरोपींचे भाऊ, बायका, चुलते गावातच होते. दुकान एक, पिठाची गिरणी एक, नहराच्या पाण्याची पाळी एकमेकांच्या मागे. साक्षीदाराला निकालानंतर कोणता गाव बदलायचा आहे? शेत उचलून नेता येत नाही.

या माणसांच्या जातीबद्दल, नावाबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यांना आज तरी शांतपणे राहू द्यावं. एवढं मात्र म्हणावंसं वाटतं की खैरलांजी म्हटलं की सगळं गावच्या गाव एक होतं हे चित्र पूर्ण खरं नाही. निकालाच्या दिवशी कोणी कॅमेरा घेऊन त्यांच्या दारात गेलं नाही हे बरंच झालं. पण त्यांच्या धैर्याची दखल ना आंदोलनाने घेतली ना सरकारने, आणि त्यामुळे पुढच्या एखाद्या गावात साक्ष द्यायला उभं राहू पाहणाऱ्याला यातून काहीच आधार मिळाला नाही.

फाशीची पंचवीस वर्षं

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, म्हणून प्रकरण नागपूर खंडपीठापुढे आपोआप गेलंच. १४ जुलै २०१० ला खंडपीठाने सहाही जणांची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. खून सूडातून झाला, जातीतून नव्हे, हे मत कायम राहिलं. १९८० पासून सर्वोच्च न्यायालयाने फाशीसाठी ‘दुर्मिळातलं दुर्मीळ’ ही कसोटी लावलेली आहे, आणि ती या प्रकरणाला लागू होते का यावर उच्च न्यायालयाचा निष्कर्ष वेगळा निघाला.

त्या दिवशीची प्रतिक्रिया २००८ पेक्षा वेगळी होती. ‘पण’ सुद्धा उरलं नव्हतं. वस्त्यांतल्या लोकांना वाटलं, आधी कारण काढून घेतलं, आता शिक्षाही. कायदा जाणणारा माणूस म्हणेल की पंचवीस वर्षं बाहेर न येणं ही काही लहान शिक्षा नाही. ते बरोबर आहे. पण कारण आधीच नाकारलेलं असल्यामुळे फाशी रद्द होण्याकडे लोकांनी शिक्षेचा प्रश्न म्हणून पाहिलंच नाही. त्यांच्या दृष्टीने ती त्या चार माणसांची किंमत होती, आणि ती खाली आली होती. निकालात अत्याचार कायदा असता आणि फाशी नसती, तर राग एवढाच राहिला असता का? मला तरी वाटत नाही.

सरकारी पातळीवर या प्रकरणाचा जो खरा परिणाम झाला तो उशिराने आणि शांतपणे. २०१५ मध्ये अत्याचार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. कलम ३(२)(५) मधले ‘या कारणावरून’ हे शब्द गेले. त्यांच्या जागी आलं ते एवढंच, की समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असूनही गुन्हा केला. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असंच न्यायालय गृहीत धरेल, अशीही तरतूद आली. खेड्यात कुणाची जात कुणाला माहीत नसते? आणि पीडित व साक्षीदारांच्या हक्कांवर एक वेगळं प्रकरण घातलं गेलं, त्यात संरक्षण, प्रवासखर्च, खटल्याची माहिती मिळण्याचा हक्क आहे. ही दुरुस्ती एकट्या खैरलांजीमुळे झाली असं म्हणता येणार नाही, देशभरातल्या अशा खटल्यांतून हीच अडचण वर येत होती. पण भंडारा जिल्ह्यातला कुणीही ही कलमं वाचली की त्याला कुठलं घर आठवतं हे सांगायला नको.

ती दुरुस्ती मागे जाऊन लागू होत नाही. २००६ च्या गुन्ह्याला २००६ चाच कायदा.

भैयालाल

निकालाच्या प्रत्येक टप्प्यावर माइक ज्यांच्यासमोर धरला गेला ते भैयालाल भोतमांगे. पोलीस संरक्षणात राहायचे, गाव सोडून भंडाऱ्याला आलेले. आंदोलनांच्या मंचांवर त्यांना बसवलं जायचं. तोंडभर बोलणारा माणूस तो नव्हता. घरात बोलणारी सुरेखाबाई होती. कुणीही काही विचारलं की त्यांना पुन्हा त्या संध्याकाळपासून सुरू करावं लागे, कारण ऐकणाऱ्याला तेच हवं असे. सगळ्यांना शिक्षा व्हावी आणि अ‍ॅट्रॉसिटी लागावी, एवढंच त्यांचं मागणं शेवटपर्यंत होतं. ते त्यांनी बदललं नाही, वाढवलंही नाही.

उच्च न्यायालयाच्या निकालावरचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. तारखा पडत राहिल्या. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात भैयालाल वारले. त्या दिवशीही दिल्लीत अपील प्रलंबितच होतं, आणि त्या घरातलं त्याचा निकाल ऐकायला आता कोणी उरलं नव्हतं.